मारीचं दूध

आमच्या हेप्झिबाचं सगळं अडलं ते एका ओळीपायी. मी पेशन्स, गावची सुईण. या नदीकाठची निम्मी पोरं माझ्या हातांवर आलीत, तेव्हा दुधातलं मला कुणी शिकवू नये.

रानातल्या अबेनाकी टोळीनं गावावर धाड घातली, हेप्झिबाचा नवरा मारला आणि तिला तान्ह्या लेकीसकट कॅनडाकडे नेलं. सात महिन्यांनी मायलेकी जिवंत परतल्या. आमच्या पाद्री थॉर्नलींना कोण आनंद! लगेच दौत घेऊन बसले. तिची हकीकत बॉस्टनला छापायची होती ना!

लेकीचा बाप्तिस्मा राहिला होता. त्यासाठी आईनं आधी चर्चच्या मंडळीत यायचं, म्हणजे तिची साक्ष पाद्री सभेत वाचणार आणि तिनं शेवटी 'हे खरं' म्हणून मान लववायची. एवढंच. पण पाद्रींनी लिहिलं, 'रानटी बायांनी घोटभर पाणी दिलं नाही. प्रार्थनेनं कोरड्या छातीत दूध उतरलं.'

"हे खोटं आहे," हेप्झिबा म्हणाली. "उपासानं माझं दूध आटलं, तेव्हा त्यांच्यातल्या मारीनं पाजलं. एका बाजूला तिचा लेक, दुसऱ्या बाजूला माझी पोर. तिच्या हातचं खाऊन मग मलाही दूध उतरलं. वर माझ्यासाठी माळ जपायची."

"माळ?" पाद्री ताडकन उठले. "म्हणजे पोपवाली, कॅथलिक? आपण प्रोटेस्टंट! छे छे! लोक काय म्हणतील?"

रविवारी दोन तास वाचन झालं. बाया हुंदके देत होत्या, बापे नाक शिंकरत होते. हेप्झिबा मात्र खांबासारखी ताठ. मान लवली नाही, बाप्तिस्मा झाला नाही.

पोर तर सदा खोकणारी. ती बाप्तिस्म्याविना तशीच गेली तर, या धास्तीनं हेप्झिबा निम्मी झाली. मला राहवेना. म्हटलं, "अगं, वाक की जरा! मान काय मोडतेय?"

"मोडेल, मावशी," ती म्हणाली, आणि रडली.

मार्चमध्ये पाद्रीणबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला, पण दुधाचा थेंब नाही. गाईचं दूध बाळ ओकून टाकी. पाद्री आपलीच ती ओळ बायकोच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचत होते. तीन दिवस! बाळाचं रडणंही बारीक होत चाललं.

माझं डोकंच फिरलं. "पुरे झालं पारायण!" म्हणत मी बाळ शालीत गुंडाळलं आणि तडक हेप्झिबाचं घर गाठलं. मागून पाद्री, टोप वाकडा, धापा टाकत.

हेप्झिबानं हातातलं काम टाकलं. स्टुलावर बसली, बाळाला शालीखाली घेतलं. दुसऱ्या बाजूनं तिची लेक येऊन बिलगली. पाद्रींनी भिंतीकडे तोंड केलं. बाळ चुटूचुटू ओढायला लागलं तसे ते ढसाढसा रडू लागले.

"बाई, देवानंच तुला आमच्यासाठी राखलं!"

"आणि मारीला कुणी राखलं होतं, पाद्रीबाबा?" मी विचारलं.



पुढच्या रविवारी त्यांनी साक्ष नव्यानं लिहून पुन्हा वाचली. 'मारी' म्हणताना तीनदा खोकले, पण म्हणाले. माळेपाशी अडखळले. मी पहिल्या बाकावरून डोळे वटारले, तशी तीही वाचली.

आणि आमची हेप्झिबा एवढी वाकली, एवढी वाकली, की तिची टोपी जमिनीवर पडली.