कडी लावलेल्या दारापुढची पंगत

शाळेला सुट्ट्या लागल्या आणि रुख्मिणीबाईची शाळेतली चूल थंड पडली. दहा वर्षं ती शिरड शहापूरजवळच्या वाडीत पोरांची खिचडी शिजवत होती. लेकरांना सुट्टी म्हणजे खिचडीलाही सुट्टी. पण पोटाला कुठली सुट्टी?

पहिल्या दिवशी शाळेतली, तांड्यावरची संगिता दारात आली. मायबाप उजाडायच्या आत वीटभट्टीवर गेलेले. रुख्मिणीबाईनं तिला अर्धी भाकर दिली. आठवडाभरात दारात अकरा ताटल्या वाजू लागल्या. कणगीतली ज्वारी सुगीपर्यंत पुरवायची होती, आणि सुट्टीत तिला मानधनही नव्हतं.

"नागनाथाचं अन्नछत्र घातलंस का?" नवरा विश्वंभर म्हणाला.

"दारातलं लेकरू हाकलू का मग?"

"हाकलू नको. दार लाव."

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच कडी लावली. जेवताना दार लावायची रीत ना माहेरी होती, ना सासरी. तापलेल्या पत्र्याखाली दोघं भाकरी घेऊन बसले. बाहेर पावलं वाजली. पोरं हाका मारतील, कंटाळून जातील, असं तिला वाटलं. पण हाक आली नाही. जेवणाआधीचा श्लोक सुरू झाला. संपला. थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

विश्वंभरचा घास हातातच राहिला. "काहून बसून राहिलीत ही? ऊन किती हाय!"

"शाळेत मीच वळण लावलंय," ती म्हणाली. "मावशी वाढीपर्यंत उठायचं न्हाई, मागायचं न्हाई."

तिसऱ्या खेपेला आवाज बारीक झाले. रुख्मिणीबाईला वाटलं, ही पोरं बाहेर नाहीत, आपणच आत कोंडलो आहोत. तिनं कडी काढली.

"मावशी, झोप लागली व्हती का?" संगितानं विचारलं.

"व्हय गं माय," रुख्मिणीबाई म्हणाली, आणि मनात देवाची माफी मागितली. दोघांच्या ताटातल्या भाकरी तिनं अकरा ठिकाणी मोडून वाढल्या. तेवढ्यानं काय होणार! ताटल्या चाटूनपुसून पोरं गेली.

विश्वंभर कणगीत वाकून बघत होता. हात बुडापर्यंत गेला तसा तो थांबला.

"शाळा कवा भरते?"

"अजून महिना हाय."

त्यानं हात झटकून कणगी झाकली. मग म्हणाला, "भाकरी बंद कर. उद्यापासून ज्वारी भरडून कण्या शिजव. पाणी घातलं की कण्या वाढत्यात."

"आन आपल्याला?"

"आपल्याला बी त्याच."