गारवा बंद करणारा पितांबर

केवलचंद शेठनी १९६१ साली मुंबईहून ती लांबलचक अमेरिकन गाडी आणली, तेव्हा निम्मं नंदुरबार ती बघायला आलं आणि उरलेल्या निम्म्याने आपण गेलोच नव्हतो असं पुढे खोटं सांगितलं. गाडी जुनी, कुणा संस्थानिकाची उतरलेली. पण तिच्या डिकीत एअरकंडिशनचं यंत्र होतं. मागच्या सीटच्या पाठीमागून बर्फासारखा गार वारा यायचा. बाहेरून हवा ओढायला गाडीच्या मागच्या अंगाला दोन्हीकडे दोन पत्र्याचे कान होते. शेठ मिरचीचे मोठे व्यापारी. त्यांना गाडीपेक्षा त्या गारव्याचा अभिमान जास्त.

गाडीवर ड्रायव्हर होता पितांबर. तापीकाठच्या गुजर घरातला, शाळा चौथीपर्यंत. उसाला पाणी देणारं ऑइल इंजिन सांभाळता सांभाळता यंत्राचा कान तयार झालेला. पुढे विसरवाडीहून ट्रक चालवायला लागला. एकदा कोंडाईबारी घाटात ट्रकचा आस मोडून तीन दिवस अडकला, तेव्हा बायकोने, रेवाबाईने, निक्षून सांगितलं, की आता ट्रक नको, घरी जेवायला येणारा नवरा हवा. म्हणून ही नोकरी. ती टिकवणं पितांबरला भाग होतं, आणि शेठना ते चांगलं ठाऊक होतं.

पहिल्याच महिन्यात गाडीला वास यायला लागला. ओल्या गोणपाटाचा असतो तसा. शेठनी अत्तराचे फाये ठेवले, उदबत्ती लावली. म्हणजे आता अत्तर मारलेलं ओलं गोणपाट. माणसांची एक गंमतच असते, वास कुठून येतो ते बघायचं सोडून त्याच्यावर दुसरा वास ओततात. पितांबरने तसलं काही केलं नाही. गाडी थांबली, की डिकीखालून पाणी ठिबकतं, एवढं त्याने हेरलं होतं. पण त्याचं काय करायचं?

ते त्याला स्वतःच्या अंगणात कळलं. रेवाबाईने वर्षाची मिरची वाळत घातली होती. दिवस मावळताना तो बोट लावून बघत बसला.

"मिरचीसंगे बोली ऱ्हायनात का?" रेवाबाईने विचारलं.

"वल्ली मिरची तू कोठीमा भरशी का?"

"येडा हुयनात? बुरशी चढी ना!"

"तेच," पितांबर म्हणाला, आणि उठून थेट गाडीकडे गेला.

यंत्र गार असतं तेव्हा त्याच्या नळ्यांना घाम सुटतो. तसंच ओलं असताना सगळं बंद करून गाडी कोंडून ठेवली, तर आत बुरशी धरणारच. हे त्याला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही. पुढ्यात दोन बटणं होती, एक गारव्याचं, एक पंख्याचं. त्याने आपली रीत ठरवली. गाडीत बसल्याबरोबर गारवा लावायचा नाही. आधी चारी काचा खाली, फर्लांगभर गाडी पळवायची, तापलेली हवा बाहेर जाऊ द्यायची, मग काचा वर आणि मग गारवा. घाटाच्या चढाला गारवा बंद, कारण तिथे इंजिनाला स्वतःचाच भार झेपत नाही. आणि मुक्काम मैलभर राहिला, की गारवा पुन्हा बंद, पंखा तेवढा चालू, ओल सुकेपर्यंत. इंजिन अगदी शेवटी. पंधरा दिवसांत वास गेला.

शेठची आई अनोखीबाई तेवढी खूश झाली. तिला दमा होता. त्या वासाने तिची छाती भरून यायची.

शेठ मात्र वैतागले. दुकानापाशी गाडी थांबावी, दार उघडावं, बाहेर उभ्या असलेल्यांच्या अंगावर गार झोत जावा, म्हणून तर गाडी घेतलेली. मैलभर आधीच गारवा बंद? शेठ घामाघूम उतरायचे.

"गाडी तुन्ही का मन्ही?" ते विचारायचे.

"गाडी तुमनी शेठ. यंत्र मन्हा हातमा शे," पितांबर म्हणायचा. मान खाली, आवाज साधा, पण बटण बंद ते बंद.

होळी नुकतीच झाली होती. सुरतेहून शांतिलाल आणि त्यांच्या पत्नी लहरीबाई शेठची मुलगी बघायला आले. शेठनी सकाळीच पितांबरला बजावलं, "आज गारवा एक मिनिट बंद हुयना ना, तर सकाय तू इसरवाडीले ट्रकवर. ध्यानमा ठेव."

मुलगी बघून झाली, जेवणं झाली. मग शेठना हुक्की आली ती पाहुण्यांना आपली मिरची वाळवायची पथारी दाखवायची. नंदुरबारचा मिरचीवाला दुसरं काय दाखवणार? गावाबाहेर माळावर एकरच्या एकर मिरची वाळत पसरलेली, लांबून जमीन पेटल्यासारखी. हंगामाचा शेवट, त्यात वारा सुटलेला. मागे शांतिलाल, लहरीबाई आणि अनोखीबाई; पुढे शेठ आणि पितांबर.

पथारी दिसायला लागली तशी पितांबरने गारवा बंद केला. पंखा मात्र चालू ठेवला.

"का रे?" शेठ.

"शेठ, यंत्र वलं शे. आठली धूळ कानमाईन आत जाई आनि नळ्यासले चिकटी जाई. थोडं सुकू द्या, मंग पंखा भी बंद करस."

शेठ मागे वळून पाहुण्यांना म्हणाले, "ट्रकवरचा माणूस आहे. घाम गाळल्याशिवाय त्याला गाडी चालवल्यासारखं वाटत नाही!"

शांतिलाल हसले. शेठनी हात लांब करून स्वतः बटण फिरवलं.

"माजी मांगे बठेल शे," आरशात अनोखीबाईकडे बघत पितांबर एवढंच म्हणाला.

"तू पुढे बघ."

पथारीशी गाडी थांबली. इंजिन चालू, गारवा चालू, काचा बंद. शेठ शांतिलालांना घेऊन उतरले आणि ढिगांमधून लांब निघून गेले. बाया गारव्यात बसल्या. मजुरिणी दाताळ्यांनी मिरची उलथत होत्या आणि वारा ती लाल भुकटी गाडीवर आणत होता.

आधी लहरीबाई शिंकल्या, पदर नाकाला लावून हसल्या, पुन्हा शिंकल्या. मग अनोखीबाईचा खोकला सुरू झाला. साधा नव्हे. एक श्वास आत जातो आणि दुसरा जातच नाही, तसला. मागच्या सीटच्या पाठीमागून गार वाऱ्याबरोबर मिरची येत होती.

पितांबरने दोन्ही बटणं बंद केली. काच उघडावी तर बाहेर भुकटीच. शेठना हाका मारल्या. ते पाठमोरे, हात हलवून मिरचीची जात समजावत होते. त्यांची वाट बघायची, की जायचं? गेलं तर सुरतेच्या पाहुण्यांसमोर मालकाला उन्हात टाकून गेलेला ड्रायव्हर. त्याला दुसऱ्या दिवशी कोण ठेवील?

त्याने गिअर टाकला.

"अहो, हे मागे राहिले!" लहरीबाई ओरडल्या.

"ऱ्हाऊ द्या बाई. त्यास्ले दमा नही शे."

माळ मागे पडला, धूळ संपली, तेव्हा त्याने चारी काचा खाली केल्या आणि गाडी अशी हाणली की लहरीबाईंनी डोळे मिटून घेतले. पुढे एका मळ्यात विहिरीवरचं इंजिन चालू होतं. तिथे त्याने अनोखीबाईला हातावर उचलून निंबाखाली ताठ बसवलं, तोंडावर पाणी मारलं, घोट घोट पाजलं. लहरीबाईंनी पाठ चोळली. अर्ध्या तासाने म्हातारीचा श्वास लांब झाला. पहिलं वाक्य तिने काढलं ते असं, "केवल्या कोठे शे?"

केवल्या आणि शांतिलाल मिरचीच्या पोत्यांवर बसून बैलगाडीने दुकानी आले, तेव्हा गाडी आधीच तिथे उभी होती. तोंडं मिरचीच्याच रंगाची. शेठनी आईची चौकशी केली, नाही असं नाही. पण पाहुण्यांसमोरची फजिती त्यांच्या डोक्यात भिनली होती.

"चावी दे," ते म्हणाले.

पितांबरने चावी दिली, रुमालाने स्टिअरिंग पुसलं आणि घरी गेला. रेवाबाई पुष्कळ बोलली, आणि त्यातला एकही शब्द त्याच्याविरुद्ध नव्हता. तिसऱ्या दिवशी तो विसरवाडीला ट्रकवर रुजू झाला.

लग्न जमलं. लहरीबाईंनी सुरतेहून कळवलं, की मुलगी पसंत आहे, आणि तो ड्रायव्हर वऱ्हाडाच्या गाडीवर असावा. इकडे गाडीत गारवा लावला, की बसलेला माणूस शिंका देत बाहेर पडत होता. महिन्याभरात दोन ड्रायव्हर आले आणि पळाले.

शेवटी अनोखीबाई एसटीने विसरवाडीला गेली. सत्तरीची, दम्याची म्हातारी, एकटी. पितांबर ट्रकखाली निजून बोल्ट आवळत होता.

"पितांबर बेटा, घर चाल."

तो बाहेर आला. "शेठनी बलाय का, माजी?"

"शेठनी मायनी बलाय. चालस का नही?"

"येस. पन धुळ्याना माल भरेल शे. तो पोचाडीसन येस. आनि माजी, बटनले दुसरा कोन्हा हात नको."

"मी सांगसू त्याले."

बोलल्याप्रमाणे माल पोचवून तो दोन दिवसांनी आला. शेठ ओट्यावर उभे होते. आपली चूक झाली असं ते म्हणाले नाहीत. तसली माणसं म्हणत नाहीत. पितांबरने डिकी उघडली, यंत्राचं झाकण काढलं आणि नोकराला पाण्याची कळशी आणायला सांगितली. कळशी शेठनी स्वतः घेतली आणि नळ्यांवर धार धरली. दोघेही शिंकायला लागले. शेठचे डोळे वाहत होते, धोतर भिजलं होतं. त्यांनी हात आवरता घेतला.

"शेठ, थांबू नका," पितांबर आत वाकून बघत म्हणाला. "आजून लालच पानी ई ऱ्हायनं."

शेठनी दुसरी कळशी मागवली.