सुशीलाकाकूंचे उघडे डोळे

पक्षाघाताने वाचा गेलेल्या नवऱ्याला घेऊन सुशीलाकाकू दर रविवारी चर्चमध्ये माझ्या बाजूच्या बाकावर बसतात. त्यांनी पुन्हा बोलावं म्हणून काकू कित्येक वर्षं प्रार्थना करताहेत. साक्ष द्यायची, म्हणजे देवाचा अनुभव सगळ्यांपुढे सांगायची, वेळ आली की उठून म्हणतात, "प्रभू ऐकतो आहे." मला मात्र ते कधी खरं वाटलं नाही. आम्ही सगळे अशीच प्रार्थना करत असताना माझी बहीण गेली. तेव्हापासून कुणाची गाढ श्रद्धा पाहिली की मला शंका येते, ही माणसं आतूनही इतकी शांत असतील का?

गेल्या रविवारी सगळ्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले, तेव्हा मी हळूच काकूंकडे पाहिलं. त्या सताड उघड्या डोळ्यांनी, रागाने क्रुसाकडे बघत होत्या. मला जवळजवळ आनंदच झाला.

बाहेर पडताना मी विचारलंच, "काकू, तुमचा खरंच विश्वास आहे?"

"सकाळी उठले तेव्हा नव्हता," नवऱ्याची कॉलर सारखी करत त्या म्हणाल्या. "भांडायलाच आले होते आज. तो नाहीच असं वाटलं असतं, तर भांडले कुणाशी असते गं?"

त्या दुपारी, बहीण गेल्यानंतर पहिल्यांदाच, मी त्याला मोठ्याने विचारलं, "का?" उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं.