काठानं धरा, मॅडम

गजभिये सरांच्या घरी पाहुण्याला आधी साबण मिळायचा, पाणी नंतर. अंगणातल्या नळावर हात धुवायचे, सरांनीच पुढे केलेल्या पंच्याला पुसायचे आणि मग खुर्चीवर बसायचं. ते आतून सागवानी पेटी आणत, तिच्यातून एक काळी लोखंडी चकती काढत आणि ती हातात देण्याआधी बजावत, "काठानं धरा, मॅडम. मधात बोट नका लावू. मानसाच्या घामात मीठ असते."

कोंढ्याकडच्या एका शाळेत मी गणित शिकवायची आणि ते चित्रकला. वीसेक वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये काढली. दुसऱ्या कुणी मला हात धुवायला लावले असते तर मी पुन्हा त्या घराची पायरी चढले नसते. सरांचं मात्र मी ऐकायची, कारण त्या चकतीबद्दल ते बोलू लागले की ऐकत राहावंसं वाटे. वर्गात आणि स्टाफरूममध्ये हाच माणूस इतका तुसडा होता की मुलं त्यांच्या तासाला रंगपेटीचं झाकणसुद्धा जपून उघडत.

जपानी तलवारीच्या पात्याच्या आणि मुठीच्या मध्ये एक चकती बसवलेली असते, साधारण तळहाताएवढी. तिला त्सुबा म्हणतात. मधोमध पाचरीच्या आकाराची खाच असते, तिच्यातून पात्याचं शेपूट मुठीत जातं. उरलेल्या लोखंडात कारागिरानं काही ना काही आरपार कोरलेलं असतं: उडणारे हंस, लाटा, गाडीचं चाक. दोन-दोनशे वर्षांपूर्वीच्या अशा तीसेक चकत्या पवनी तालुक्यातल्या एका पुनर्वसनाच्या गावात, प्लास्टर न झालेल्या घरात, पलंगाखालच्या पेटीत होत्या. गावात सरांना 'चकतीवाले सर' म्हणत. वहिनी त्या चकत्यांना 'छेदाचे झाकनं' म्हणायच्या, आणि त्यांच्या बाजूनं विचार केला तर त्यात काही चूक नव्हतं.

या वेडाची सुरुवात पवनीतच झाली. तिथला जुना स्तूप पाहायला जपानी यात्रेकरू येत. एकदा सर उत्खननातल्या दगडांची चित्रं काढत बसले होते, तेव्हा त्यांतले एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ त्यांच्या मागे उभे राहिले. जाताना त्यांनी पत्ता मागून घेतला आणि काही महिन्यांनी टपालानं एक त्सुबा आला. मग सरांनी स्वतःच शोध सुरू केला. आधी पवनीच्या सायबर कॅफेत, पुढे मोबाईलवर, ते जपानमधल्या लिलावांत भाग घेऊ लागले. आमच्या बदल्या, बढत्या, कुणाच्या मुलीचं लग्न यांची त्यांना खबर नसे. ओसाकाच्या कुठल्या दुकानदारानं फसवलं, हे मात्र ते अख्खी मधली सुट्टी सांगत.

"तलवार कोनीबी घडवते," ते म्हणत. "हे घडवाले डोकं लागते. लोकायले वाटते हे दुश्मनापासून वाचवते. नाही, मॅडम. भोसकताना आपलाच हात घसरून आपल्याच पात्यावर जाते, त्याच्यापासून वाचवते."

दुसरं त्यांचं आवडतं वाक्य गंजाबद्दलचं होतं. या लोखंडावर पिढ्यान्‌पिढ्या धरत गेलेला एक जांभळट काळा थर असतो. त्या थरातच सगळी किंमत. "काळा गंज लोखंडाले राखते आनं लाल गंज खाते," ते समजावत. कुठे लाल ठिपका दिसलाच तर शिंगाच्या तुकड्यानं तो हलकेच खरवडायचा आणि धुवट सुती फडक्यानं चोळत बसायचं. तेल नाही, पॉलिश नाही. रविवारची दुपारभर ते ओसरीत एवढंच करत, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा जेवढा मवाळ झालेला मी पाहिला तेवढा माणसांशी बोलताना कधी पाहिला नाही.

एका त्सुबावर भाताच्या लोंब्या कोरलेल्या होत्या. तो ते सगळ्यात शेवटी दाखवत. "हे आमच्या बांधीतलं धान आहे," असं एकदा म्हणाले आणि लगेच पेटीत ठेवून दिला. त्यांची धानाची बांधी, घर, विहार, सगळं गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. त्याविषयी त्यांच्या तोंडून मी तेवढं एकच वाक्य ऐकलं.

सरांना एकच मुलगा, सुबोध. रंग-रेषेत त्याला गती नव्हती आणि चित्रकलेच्या परीक्षेत तो नापास झाला, तेव्हापासून सरांनी त्याच्यावर जी काट मारली ती मारलीच. त्यानं पुढे पवनीच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान टाकलं. दारं, खिडक्या, जाळ्या. गेट तर असं करायचा की शेजारच्या गावांतून लोक येत. नव्या गावांत ज्याला त्याला गेटच्या मधोमध धम्मचक्र हवं असतं, आणि सुबोधच्या चक्राचे आरे कधी वाकडे नसत. पण सर म्हणत, "थो लोखंड जाळते." हे ते त्याच्या समोर म्हणत.

सरांची एकच इच्छा होती. हा संग्रह फुटू नये, गावच्या विहाराच्या वाचनालयात काचेच्या कपाटात एकत्र राहावा, आणि ज्या पोरांनी धरणाच्या भिंतीपलीकडे काही पाहिलं नाही त्यांनी तो पाहावा. विहाराच्या मंडळींनी जागाही दाखवली होती. मी सहज म्हटलं, "कपाट सुबोधकडूनच करून घ्या ना, सर. घरचाच माणूस आहे." सुबोध तेव्हा दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता.

"त्याच्या हाताले घाम लय येते," सर म्हणाले. "नागपूरहून आनू."

कपाट नागपूरहून आलं नाही. सरच नागपूरला गेले. छातीचं ऑपरेशन झालं, मग जखम चिघळली आणि मुक्काम लांबला. वहिनी तिकडेच होत्या. सुबोध दोन दिवस तिथे, दोन दिवस दुकानावर अशा खेपा घालत होता. एकदा दवाखान्याच्या जिन्यात भेटला तेव्हा कानाशी येऊन म्हणाला, "बाबा घरी येतीन त् पाहातच राहतीन, मॅडम. मी एक चीज बनवून राहिलो." बऱ्याच दिवसांनी मी त्याला खुशीत पाहत होते.

सर घरी आले त्या दिवशी मीही गेले होते. अंगणाच्या तोंडाशी आधी बांबूची फाटकी कवाडी होती, तिथे नवं दुपाखी गेट उभं होतं आणि त्यावर चादर टाकली होती. जीप थांबली. सुबोधनं बापाला हात धरून उतरवलं, उभं केलं आणि चादर ओढली.

मधोमध धम्मचक्र होतं आणि त्याच्या भोवतीनं, दोन्ही पाखांवर, सरांच्या साऱ्या चकत्या वेल्डिंग केलेल्या होत्या. घासून लख्ख केलेल्या, वरून चंदेरी रंग मारलेल्या. भाताच्या लोंब्यांचा त्सुबा कडीखाली बसवला होता. त्याची मधली खाच कडी जाईल एवढी कापून मोठी केली होती.

"पेटीत अंधारात पडून होते, बाबा," सुबोध सांगत होता. "आता जानाऱ्या-येनाऱ्यायले दिसतीन. जंगाचा एक दाना ठेवला नाही. आनं हात धुऊन केलो जी. दर खेपी साबनानं हात धुऊनच हात लावलो."

सर बघत राहिले. मग विचारलं, "ग्राइंडर मारला?"

"हो. वरून बारीक पेपर बी मारला."

सरांनी मान हलवली. मला वाटलं आता ते कोसळतील. पण ते भिंत धरत धरत घराच्या कडेच्या बोळात शिरले आणि न्हाणीच्या नालीवरून पाय टाकत मागच्या दारानं आत गेले. वहिनींना वाटलं भोवळ आली. सुबोध चादर हातात घेऊन तिथेच उभा होता.

त्यानंतर सर त्या गेटातून कधी आले-गेले नाहीत. दवाखान्यात जायचं असलं तरी मागचं दार, तोच बोळ, तीच नाली. मुलाला एका शब्दानं रागावले नाहीत आणि का ते सांगितलंही नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, पोरगं वाळत चाललंय. त्याला समजावून सांगा. चार शिव्या द्या, पण बोला."

"लाल गंजाले का समजावू?" ते म्हणाले.

त्या दिवशी मी चहा न घेता उठले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये असं म्हणतात, पण हे वाक्य मी विसरू शकत नाही आणि सरांना माफही करू शकत नाही. लोखंडाचा एवढासा डाग घालवायला रविवार न् रविवार घालवणाऱ्या माणसाला पोटच्या पोरासाठी एक दुपार काढता आली नाही.

धान कापणीला आलं तेव्हा सर गेले. मागच्या बोळातून तिरडी निघेना. खांदेकरी वळले आणि सुबोधनं गेटाची दोन्ही पाखं उघडली. त्या दाराशी सरांनी धरलेला हट्ट तिथे संपला.

पुण्यानुमोदनाचं जेवण उरकल्यावर सुबोध माझ्याजवळ येऊन बसला. "मॅडम, माह्यं का चुकलं? बाबा काही बोललेच नाही."

मी सांगितलं. काळा गंज, लाल गंज, शिंगाचा तुकडा, काचेचं कपाट. हात घसरू नये म्हणून ती चकती असते, हेही सांगितलं. सरांचं ते शेवटचं वाक्य तेवढं गिळलं.

"आता थो काळा गंज येत नाही का? मी घसत बसलो त्?"

"नाही रे. तुझ्या-माझ्या जन्मात नाही."

"हे सारं बाबा तुमाले सांगत होते?"

"हो."

"मले त् म्हनत, हात धुऊन ये," तो म्हणाला. "धुऊन आलो का म्हनत, राहू दे."

मी निघाले तसा तो सोडायला आला. गेटाच्या रंगावर कडीजवळ, जिथे लोकांचे हात लागत होते तिथे, लाल ठिपके फुटू लागले होते. मी बाहेर पडल्यावर त्यानं गेट लावून घेतलं. कडीला हात न लावता, पाख काठानं धरून.