नदीकाठची चौकी

रियाधच्या आमच्या कंपाउंडमध्ये शेजारी एक फ्रेंच बाई राहायची. तिचा नवरा महिन्यातले तीन आठवडे दूर दक्षिणेला, जिझानला साइटवर असायचा. दोघींचं इंग्रजी बेताचंच, त्यामुळे कुणी कुणाला लाजायचं नाही.

तिचं माहेर फ्रान्समधल्या एका नदीकाठच्या गावात. घराच्या कोपऱ्याला, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, भिंतीतून बाहेर डोकावणारी एक गोल दगडी चौकी होती. शेकडो वर्षांपूर्वी पहारेकरी तिथून नदीतल्या होड्यांवर नजर ठेवत. गावाचा तट केव्हाच गेला, ही चौकी तेवढी उरली. तिची ऐंशी उलटलेली आई रोज सकाळी तिथं खुर्ची टाकून बसायची.

एका सोमवारी ही अनवाणीच माझ्या दारात आली. चौकीला तडा गेला होता, एक दगड रस्त्यावर पडला होता. नगरपालिकेनं घर सोडायला सांगितलं होतं आणि आई हलायला तयार नव्हती.

"म्हणते, तू ये, मग बघू."

जाणार कसं? पासपोर्ट नवऱ्याच्या कंपनीत आणि सौदीतून बाहेर पडायलाही व्हिसा लागतो, त्याच्या अर्जावर नवऱ्याची सही हवी; तो तर जिझानला. गुरुवार-शुक्रवार तिथली आठवड्याची सुट्टी, सगळं बंद. मंगळवारी ती दहादा माझ्याकडे आली, एकदाही बसली नाही. तिला बघून मलाही काही सुचेना. धुतलेली भांडी मी पुन्हा धुवायला घेतली.

बुधवारी सकाळी अंगभर काळा अबाया चढवून आम्ही टॅक्सीनं कंपनीचं ऑफिस गाठलं. काउंटरवरच्या कारकुनाशी मी हिंदीत बोलायला लागले. त्यानं मध्येच थांबवलं.

"ताई, मराठीत बोला. मी महाडचा."

"साहेबांची सही फॅक्सनं आली तर चालेल?"

"तसं नाय चालत." त्यानं तिच्याकडे बघितलं. एक शब्द कळत नसताना ती त्याच्या तोंडाकडे टक लावून उभी होती. "बघतो. लावा जिझानला फोन."

फॅक्स दोनदा अर्धवट आला. तिसऱ्यांदा सही उमटली. तो स्वतः फाइल घेऊन पासपोर्ट कचेरीत गेला आणि दुपारी दीडला घाम पुसत परत आला.

"झालं. खलास."

त्याच संध्याकाळी ती गेली. आठवड्यानं तिचा फोन आला. मुलीला दारात बघताच म्हातारी बॅग उचलून निघाली होती. बॅग चार दिवस भरूनच ठेवलेली!

"मी विचारलं, मग आधी का नाही निघालीस? तर म्हणाली, कुणीतरी न्यायला यायला हवं होतं."

चौकीला टेकू लावले, ती पडली नाही. शेजारीण मात्र रियाधला परतली नाही. नवऱ्यानं उरलेलं वर्ष एकट्यानंच काढलं.

माझी तगमग काही कमी होईना. एका दुपारी जेवताना मी विषय काढलाच.

"अहो, मला सांगलीला जायचंय. आईकडे."

"सुट्टीला चार महिने आहेत अजून. बऱ्या आहेत ना त्या?"

"बरी आहे."

 दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना हे व्हिसाचा फॉर्म घेऊन आले.