बाटलीतले मुके जीव

कारखान्याच्या प्रयोगशाळेत आज नमुना घ्यायला एका बाटलीचं रबरी बूच काढलं आणि सडक्या अंड्याचा वास आला. तो वास मला थेट कापडे गावातल्या आमच्या घराच्या ओटीवर घेऊन गेला.

तेव्हा मी महाडला कॉलेजात होते. भाताच्या खाचरातल्या चिखलातले जंतू बाटलीत वाढवत होते. ते हवा लागली की मरतात, म्हणून बूच मेणाने बंद केलं होतं. वर्षभराच्या प्रॅक्टिकलचे मार्क त्या बाटलीवर होते. गणपतीच्या सुट्टीत ती मी घरी आणली.

"आत काय हाय?" आईने विचारलं.

"जिवंत जंतू," एवढंच सांगून मी शेजारी आरतीला गेले.

परतले, तर ओटीभर तोच वास, आणि आई मेण खरवडून, बूच काढून, उदबत्तीच्या काडीने आतला चिखल हलवत बसली होती.

"मुके जीव ते. कोंडून मारतेस काय गो?"

तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं समाधान होतं. मार्क गेले; किती, ते आता आठवतही नाही.

आता कारखान्यातही मी तसलेच जंतू बाटलीत वाढवते. आई अजून फोनवर विचारते, "बूच उघडतेस ना गो मधनंमधनं?"

"उघडते," मी म्हणते, आणि बूच घट्ट दाबून बसवते.