समज आली म्हण

मालकानं माझ्या बापाला ओल्या दोरानं मारलं, तेव्हा पाणी मी प्यायले होते.

मी बारा वर्षांची. चैताचं ऊन. आई-बाप मालकाच्या मळ्यात केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढत होते आणि मी ती उचलून बांधावर टाकत होते. विहिरीवर मोट चालू होती. मोटेचं पाणी आधी विहिरीकाठच्या दगडी थारोळ्यात पडायचं, तिथून पाटानं सगळ्या मळ्यात फिरायचं. आम्ही महारवाड्यातल्यांनी प्यायचं ते पाटाच्या शेवटाला. सगळ्या केळी पिऊन झाल्यावर जो गढूळ ओघळ उरेल, तो आमचा. त्या दिवशी शेवटापर्यंत पाणी पोचेचना. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मी सरळ थारोळ्यापाशी गेले आणि ओंजळ भरली.

मालकानं मला हात लावला नाही. लावला असता तर विटाळ झाला असता. दोराला विटाळ नसतो.

"पोरीले समज नाही ना? मंग तुले देतो," तो बापाला म्हणाला.

बाप वाकला. स्वतःहून वाकला. पागोटं काढून बाजूला ठेवलं, मळू नये म्हणून. पहिल्या फटक्याला सदरा फाटला. तिसऱ्याला कातडी. आई मान खाली घालून पिलं काढत राहिली.

आमच्याकडं याची रीत होती. मालक मारतो असं कुणी म्हणत नसे. मालक 'समज देतो'. आणि मार खाणाऱ्यानं मालकाच्या पायापुढची माती कपाळाला लावून म्हणायचं, "समज आली, मालक." ते म्हटल्याशिवाय दोर थांबत नसे. फार लवकर म्हटलं तरी थांबत नसे, कारण मग समज वरवरची धरत. नेमकं कधी म्हणायचं ते जुन्या माणसांना ठाऊक असे. बापाला ठाऊक होतं. पाठ सोलून निघाल्यावर तो म्हणाला. मालकानं दोर टाकला, बापानं पागोटं बांधलं आणि पुन्हा कामाला लागला.

घरी आई त्याच्या पाठीला हळद-तेल लावत मला म्हणाली, तुझ्यामुळं मालकाला समज द्यावी लागली. तिला मालकाची कीव आली होती. मला आज तिचा राग येतो, पण तेव्हा मीही तेच धरून चालले होते. कितीतरी दिवस मी माझ्या तहानेला शिव्या घातल्या.

त्याच सुमारास बुऱ्हाणपुराहून एक मास्तर आमच्या वाड्यात येऊ लागला. आमच्यातलाच, गिरणी कामगाराचा मुलगा. आम्हा पोरींना अक्षरं शिकवायचा आणि वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. राजे आणि नवाब गादीवरून उतरताहेत, संस्थानं देशात सामील होताहेत. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आमचा राजा तर मळ्यात दोर घेऊन उभाच होता.

एकदा मी मास्तरला सांगितलं, मालकानं बापाला समज दिली. कशानं, त्यानं विचारलं. दोरानं, मी म्हटलं.

"आणि तुझ्या बापानं मालकाला दोरानं समज दिली असती, तर लोक काय म्हणाले असते?"

"मारलं म्हणाले असते."

बोलून गेले आणि अंगावर काटा आला. तोच दोर. तशीच पाठ. मालकाची असती तर मार, आमची होती म्हणून समज. बारा वर्षं मी माझ्याच तोंडानं मालकाची बाजू घेत होते आणि मला पत्ताच नव्हता. मास्तर म्हणाला, कायद्यात हा गुन्हा आहे. गुन्हा हा शब्द तोवर मी फक्त आमच्या माणसांसाठी ऐकला होता.

दोन वर्षांनी मालकानं आईचा हात मोडला. ताप होता म्हणून ती दोन दिवस मळ्यात गेली नव्हती, एवढंच कारण. या वेळी कुऱ्हाडीचा दांडा. कोपराखाली कडकन आवाज झाला, हाड कातडी फाडून वर आलं. आईची दातखीळ बसली होती. ते तीन शब्द तिच्या तोंडून निघेनात, म्हणून तो मारतच राहिला. मी धावले आणि त्याच्या मनगटाचा चावा घेतला. रक्त लागेपर्यंत सोडला नाही. तो थांबला. दुखलं म्हणून नाही, मी शिवले म्हणून. शिव्या देत विहिरीवर आंघोळीला पळाला.

आईला दवाखान्यात टाकून मी बापाला ओढत बुऱ्हाणपुरातल्या पोलिस चौकीवर नेलं. जमादार हिंदी बोलणारा. माणूस वाईट नव्हता, त्यानं लगेच कागद काढला. काय झालं ते सांग म्हणाला. बापानं हात जोडले.

"साहेब, मालकानं हिच्या मायले समज देली."

जमादारानं जसंच्या तसं हिंदीत लिहिलं. समझाइश दी. मग पेन खाली ठेवलं. "समझाया ही ना? समझाना कोई जुर्म है क्या?"

नाही साहेब, बाप म्हणाला. कागद पुढं सरकला. बापाचा अंगठा शाईत बुडाला.

मी त्याचं मनगट धरलं. "मारलं. मालकानं माह्या मायले मारलं. हात तोडला. मारलं असं लिहा."

बापानं माझ्या थोबाडीत दिली. सगळ्या चौकीदेखत. कान सुन्न झाला. मी त्याचं मनगट सोडलं नाही. त्याला विचारलं, "आता तू मले काय केलं?"

त्यानं शाई लागलेल्या हाताकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जमादाराला म्हणाला, "मारलं साहेब. तिले मारलं. मलेबी मारलं. माह्या बापालेबी मारलं." तोंड भाजल्यासारखा बोलत होता. पण बोलला. जमादारानं नवा कागद घेतला.

मळ्यातलं काम गेलं. गावात कुणी काम देईना. भरदुपारी मालकाच्या माणसांनी आमच्या झोपडीचं छप्पर पेटवलं, आईला तुटक्या हातासकट बाहेर ओढून काढावं लागलं. खटला उभा राहिला तेव्हा मळ्यातले सगळे साक्षीदार, आमच्याच वाड्यातले, मालकानं फक्त समज दिली म्हणाले. मी त्यांना दोष देते. भीती मलाही होती.

शेवटी मी पिंजऱ्यात उभी राहिले. मालकाच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, मालकाबद्दल तुझ्या मनात राग आहे का? आमचा वकील डोळ्यांनी नको नको म्हणत होता. नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढं पुष्कळांनी ऐकवलं.

"आहे," मी म्हटलं.

पाहा हुजूर, दुश्मनी आहे, म्हणून खोटं बोलते, मालकाचा वकील म्हणाला. मालक सुटला. आईचा हात वाकडाच बसला आणि तसाच तिच्याबरोबर सरणावर गेला.

मालक म्हातारा होऊन, सुखानं, आपल्या खाटेवर मेला. वाड्यातली माणसं मयताला गेली, मेलेल्याशी वैर कसलं म्हणाली. मी गेले नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. करणार नाही. आणि वाड्यातल्या एकाही पोरीला करू देणार नाही.